दाखला अडला की खेळाडू अडते: किम यॉन-क्यंगचं प्रकरण

एप्रिल 2023. दक्षिण कोरियाच्या व्हॉलीबॉल लीगने दरवर्षीप्रमाणे 'फ्री एजंट' खेळाडूंची यादी काढली. फ्री एजंट म्हणजे आपल्या मर्जीने कुठल्याही क्लबशी बोलणी करू शकणारी, मोकळी खेळाडू. त्या यादीत किम यॉन-क्यंगचं नाव आयुष्यात पहिल्यांदा आलं. तेव्हा ती 35 वर्षांची होती. कोरिया, जपान, तुर्कस्तान, चीन अशा चार देशांच्या लीग खेळून झाल्या होत्या, युरोपच्या चॅम्पियन्स लीगचा करंडक उचलून अकरा वर्षं लोटली होती आणि राष्ट्रीय संघातून निवृत्तीही झाली होती. जगात ती कुठेही खेळू शकत होती. फक्त स्वतःच्या देशात एकाच क्लबसाठी खेळू शकत होती.

हे कसं झालं हे समजून घ्यायचं तर 2012 सालच्या एका भांडणात शिरावं लागतं. व्हॉलीबॉलचं कौतुक करणारे तिचे स्मॅश सांगतात. मला त्या भांडणाचे कागद जास्त बोलके वाटतात.

बुटकी मुलगी

किमचा जन्म 26 फेब्रुवारी 1988चा, सोलजवळच्या आन्सान शहरातला. तीन बहिणींत धाकटी. मोठी बहीण व्हॉलीबॉल खेळायची, म्हणून हीही चौथीत असताना मैदानावर जाऊ लागली. तिची उंची मात्र काही केल्या वाढेना. माध्यमिक शाळेत ती बरेचदा बाकावर बसलेली असायची. मैदानात उतरलीच तर मागच्या फळीत चेंडू उचलायला किंवा सेटर म्हणून, म्हणजे दुसरीला स्मॅश मारता यावा म्हणून चेंडू उंच उडवून द्यायला. व्हॉलीबॉल सोडून द्यावं का, इथपर्यंत विचार गेला होता. मग हायस्कूलच्या तीन वर्षांत ती वीस सेंटिमीटरहून जास्त वाढली आणि शेवटी 192 सेंटिमीटरवर थांबली.

ही गोष्ट प्रत्येक मुलाखतीत येते आणि तशी गोडच आहे, पण तिचा खेळाशी नेमका काय संबंध हे क्वचित सांगितलं जातं. डावीकडून स्मॅश मारणाऱ्या उंच खेळाडूची एक ठरलेली दुखरी जागा असते. समोरचा संघ मुद्दाम तिच्याच अंगावर सर्व्हिस करतो. ती वाकून चेंडू घेण्यात अडकली की तिचा स्मॅशसाठीचा धावण्याचा वेळ जातो. म्हणून बरेच प्रशिक्षक अशा खेळाडूला सर्व्हिस घेण्याच्या कामातून बाजूला उभं करतात आणि तिचा भार इतर दोघींवर टाकतात. किमला लपवावं लागत नसे. तिने बुटकी असताना मागच्या फळीत जे हात घोटवले होते, ते उंची वाढल्यावर गेले नाहीत. सर्व्हिस ती स्वतः घ्यायची, चेंडू सेटरच्या डोक्यावर नेऊन ठेवायची, दोन पावलं मागे सरकायची आणि तोच चेंडू वरून मारायला धावायची. असा एक खेळाडू संघात असला की दोन खेळाडूंचं काम होतं. क्लबच्या दृष्टीने तिची किंमत काय असेल याचा अंदाज यावरून करता येतो, आणि पुढचा सगळा तंटा त्या किमतीचाच आहे.

2005 साली कोरियात व्यावसायिक लीग सुरू झाली. पहिल्याच हंगामात महिलांमध्ये तळाला राहिलेल्या हंगकुक लाइफ पिंक स्पायडर्स या क्लबने नवोदितांच्या निवडीत किमला पहिल्या क्रमांकावर उचललं. हंगकुक लाइफ ही विमा कंपनी. कोरियातले बहुतेक क्लब असे कंपन्यांचेच आहेत. तळाचा हा संघ 2005-06 मध्ये थेट विजेता झाला. किम त्या वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरली, साखळीतली सर्वोत्तम खेळाडू ठरली आणि अंतिम मालिकेतलीही. एकाच वर्षात, अठराव्या वर्षी. चार हंगामांत हंगकुकने तीन विजेतेपदं मिळवली. त्याचा हिशेब तिच्या गुडघ्यांनी चुकता केला. हंगामामागून शस्त्रक्रिया होत गेल्या, आणि 2008च्या बीजिंग ऑलिम्पिकला कोरियाचा संघ पात्रच ठरला नाही.

दोन घड्याळं

2009 मध्ये हंगकुकने तिला जपानच्या जेटी मार्व्हलस क्लबकडे उसनं दिलं. 'उसनं' हा शब्द इथे अक्षरशः घ्यायचा. खेळाडू परदेशी खेळते, मालकी मूळ क्लबकडेच राहते. आदल्या हंगामात दहा संघांत नववा आलेला हा क्लब तिच्यासह सलग 25 सामने जिंकला. दुसऱ्या वर्षी, मार्च 2011च्या भूकंपाने लीग अर्ध्यावर थांबली तेव्हा जेटी अव्वल होता आणि त्यालाच विजेता ठरवण्यात आलं. मग ती इस्तंबूलच्या फेनेरबाह्चे क्लबकडे गेली. तिथे ब्राझीलचे झे रोबेर्तो गिमारायस प्रशिक्षक होते. मार्च 2012 मध्ये बाकू इथे फेनेरबाह्चेने फ्रान्सच्या कान क्लबला 3-0 हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली. स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू किम.

30 जून 2012 रोजी तिचा हंगकुकबरोबरचा करार संपला. तिने फेनेरबाह्चेशी स्वतः, एजंटमार्फत, पुढचा करार केला. इथे ठिणगी पडली.

कोरियाच्या लीगचा नियम असा की खेळाडूने सहा हंगाम पूर्ण केले की ती फ्री एजंट होते. किमचं म्हणणं साधं होतं: कोरियात चार, जपानमध्ये दोन, तुर्कस्तानात एक, झाले सात. शिवाय करार संपलाय, मग मी कोणाची? हंगकुकचं म्हणणंही तितकंच साधं होतं. नियमातले सहा हंगाम म्हणजे कोरियाच्या लीगमधले सहा हंगाम. तुमचे झालेत चार. परत या, दोन खेळा, मग मोकळ्या.

वाचकाला सहज वाटेल की क्लब खलनायक आहे. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं. पण नियम क्लबच्या बाजूने वाचता येत होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. नवोदितांची निवड, सहा हंगामांचं बंधन, पगाराची कमाल मर्यादा या तीन खुंट्यांवर त्या लीगचा तंबू उभा होता. उद्या प्रत्येक चांगली खेळाडू तीन-चार वर्षांनी उसनी म्हणून परदेशी गेली आणि तिथूनच मोकळी झाली, तर तळाच्या संघाने तिला घडवायचं कशाला? दुसरी बाजूही खरीच. उसनं द्यायला क्लबने स्वतः संमती दिली होती. तिचे ते हंगाम कुठल्याच घड्याळात मोजायचे नसतील, तर उसनं देणं म्हणजे तिचं वय वापरायचं आणि मोकळं होण्याची तारीख पुढे ढकलायची. व्हॉलीबॉलमध्ये गुडघे तीन वेळा उघडलेल्या खेळाडूला तीन वर्षं म्हणजे काय, हे सांगायला नको. परदेशातले हंगाम मोजायचे की नाही, हे 2009च्या कागदावर एका ओळीत पक्कं केलं असतं तर 2012 उगवलंच नसतं.

जुलैमध्ये, लंडन ऑलिम्पिकच्या तोंडावर, हंगकुकने तिचं नाव लीगच्या एका खास यादीत टाकलं. त्या दर्जाचं कोरियन नाव 'स्वेच्छेने बाहेर' अशा अर्थाचं होतं. यात स्वेच्छा कोणाची, हा प्रश्न विचारायचा नाही. या यादीत गेलेली खेळाडू मूळ क्लबच्या संमतीशिवाय देशातल्या दुसऱ्या कुठल्याही क्लबकडून खेळू शकत नसे.

दाखला

आता परदेशात खेळायला देशातल्या क्लबची परवानगी कशाला, असा प्रश्न येईल. उत्तर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे: शाळा सोडल्याचा दाखला. जुन्या शाळेने दाखला दिल्याशिवाय नवी शाळा नाव घालत नाही. व्हॉलीबॉलमध्ये या दाखल्याला आयटीसी म्हणतात, आंतरराष्ट्रीय हस्तांतरण प्रमाणपत्र. त्याचा कारभार स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथली एफआयव्हीबी, म्हणजे जागतिक व्हॉलीबॉल महासंघ, पाहते. खेळाडूच्या मूळ देशाच्या महासंघाने होकार द्यायचा, नव्या देशाच्या महासंघाने आणि क्लबने द्यायचा, मग एफआयव्हीबीचा शिक्का. शाळेचा दाखला एकदा मिळाला की विषय संपतो. आयटीसीवर मात्र मुदत असते. मुदत संपली की खेळाडू कागदोपत्री पुन्हा माहेरी, आणि पुढच्या हंगामासाठी पुन्हा तोच अर्ज. म्हणजे दर उन्हाळ्यात मूळ देशाच्या हातात दोरी येतेच.

कोरियाच्या महासंघाने आयटीसी अडवलं. हंगकुक मान्य करत नाही तोवर नाही. आणि याच आठवड्यांत किम काय करत होती, तर लंडनमध्ये देशासाठी खेळत होती.

लंडनचे आकडे बघा. आठ सामन्यांत 207 गुण, स्पर्धेत सर्वाधिक. साखळीत ब्राझीलला 3-0 हरवलं, आणि पुढे तोच ब्राझील सुवर्ण घेऊन गेला. उपांत्यपूर्व फेरीत इटली बाद. उपांत्य फेरीत अमेरिकेकडून हार, आणि 11 ऑगस्टला कांस्यपदकाच्या सामन्यात जपानकडून 0-3. कोरियाला पदक नाही. तरीही स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू म्हणून किमची निवड झाली. चौथ्या आलेल्या संघातल्या खेळाडूला हा मान मिळणं फार दुर्मीळ. मायदेशी विमानतळावर ती उतरली तेव्हा जगातली सर्वोत्तम होती आणि कुठल्याच क्लबची नव्हती.

सप्टेंबरमध्ये महासंघाने दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवलं आणि एक समझोतापत्र झालं. त्यात किम हंगकुकची खेळाडू आहे असं धरून पुढची वाट आखली होती. किमच्या बाजूचं म्हणणं, की हे तात्पुरतं आहे, बाहेर जाणार नाही, अंतिम निर्णय एफआयव्हीबीचा असेल असं आपल्याला सांगण्यात आलं होतं. पण तेच पत्र लोझानला गेलं. ऑक्टोबरमध्ये एफआयव्हीबीने कौल दिला तो त्याच पत्राच्या आधारे: खेळाडूने स्वतः सही केलीय, मूळ क्लब हंगकुक. या प्रकरणात मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे. जो वाद निकालासाठी पाठवायचा होता, त्याचा निकाल आधीच सही करून घेऊन पाठवला गेला. चोवीस वर्षांच्या मुलीला, ऑलिम्पिकहून आल्या आल्या, वकिलाशिवाय कागदापुढे बसवू नये एवढं तरी कोणाला सुचायला हवं होतं.

किम थेट संसदेत गेली. एका खासदारासह तिने पत्रकार परिषद घेतली, विषय संसदेच्या समितीत निघाला, क्रीडा मंत्रालय आणि ऑलिम्पिक समिती मध्ये पडली, आणि ऑक्टोबरअखेर महासंघाने एका हंगामापुरतं आयटीसी दिलं. तुर्कस्तानचा हंगाम तिला मिळाला. गाठ सुटली नव्हती, सैल झाली होती.

2013च्या उन्हाळ्यात तेच नाटक पुन्हा. या वेळी किमने, न्याय मिळाला नाही तर राष्ट्रीय संघातून निवृत्त होईन, असा निर्वाणीचा इशारा दिला. एका व्यावसायिक क्लबच्या वादासाठी देशाची जर्सी पणाला लावणं अनेकांना रुचलं नाही. माझं मत वेगळं आहे. क्लबच्या बाजूने महासंघ उभा होता, आणि महासंघाला हवं असं तिच्याकडे एकच होतं, ती जर्सी. प्रत्यक्षात ती त्याच वर्षीची आशियाई अजिंक्यपद स्पर्धा खेळली. 2014 मध्ये एफआयव्हीबीच्या पातळीवर वाद मिटला आणि परदेशात खेळायला हंगकुकची मान्यता लागेनाशी झाली. त्याच वर्षी इंचॉनच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत, अंतिम सामन्यात चीनला 3-0 हरवून कोरियाने सुवर्ण घेतलं. कर्णधार कोण, हे वेगळं सांगायला नको. सुवर्णपदकाच्या जेवणाला महासंघाने संघाला नेलं ते किमची-जिगे, म्हणजे आंबवलेल्या कोबीच्या रश्श्याच्या साध्या खानावळीत. किमने नंतर स्वतःच्या खिशातून संघाला वेगळं जेवण दिलं. दोन वर्षांनी रिओ ऑलिम्पिकला संघाबरोबर इतकी कमी माणसं पाठवली होती की खेळण्याबरोबर दुभाष्याचं कामही तिच्याच गळ्यात आलं. कोरियात हे दोन किस्से आजही महासंघाच्या नावाने खडे फोडायचे असले की निघतात.

फेनेरबाह्चेत ती 2017 पर्यंत राहिली. दोनदा तुर्की लीग जिंकली. मग एक वर्ष शांघाय, मग दोन वर्षं इस्तंबूलचाच दुसरा क्लब एजाजबाशी. ही वर्षं मी इथे पटकन ओलांडतोय, कारण यात भांडण नाही. मोकळी खेळाडू चांगल्या क्लबांत चांगलं खेळली, एवढंच.

जुन्या वहीतलं नाव

2020 मध्ये करोना आला. तुर्कस्तानची लीग थांबली, टोकियो ऑलिम्पिक वर्षभर पुढे गेलं. किमने मायदेशी परतायचं ठरवलं, आणि आठ वर्षांपूर्वीची वही उघडली गेली. लोझानने तिला जगासाठी मोकळं केलं होतं. कोरियाच्या लीगने केलं नव्हतं. 'स्वेच्छेने बाहेर' या रकान्यात तिचं नाव तसंच होतं. कसेल त्याची जमीन वगैरे आपण म्हणतो, पण सातबाऱ्यावर नाव हंगकुकचंच. कोरियात खेळायचं तर पर्याय एकच.

त्यातही एक पेच. महिला क्लबांच्या एकूण पगारावर मर्यादा होती, त्या हंगामासाठी 230 कोटी वॉन. हंगकुकने नुकतंच दोन नामांकित बहिणींना मिळून 100 कोटी वॉनला घेतलं होतं. किमला जास्तीत जास्त 65 कोटी देता आले असते, म्हणजे साधारण चार कोटी रुपये. पण ते दिले तर उरलेल्या डझनभर मुलींच्या पगाराला कात्री. किमने 35 कोटींवर सही केली, सव्वादोन कोटी रुपयांच्या आसपास. युरोपात तिला मिळत होतं त्याच्या कितीतरी पट कमी. वर्तमानपत्रांनी त्याग म्हणून मथळे दिले. त्याग होताच, पण एक हिशेबही होता. ऑलिम्पिक वर्षभरावर होतं, तिला रोजचा सराव आणि सामने हवे होते, आणि साथीच्या काळात ते घराजवळ मिळत होते. मोठ्या मनाने घेतलेला निर्णय शहाणपणाचाही असू शकतो, यात वावगं काही नाही.

तो हंगाम विस्कटला. शाळेतल्या जुन्या छळाच्या तक्रारींवरून त्या दोघी बहिणींना फेब्रुवारी 2021 मध्ये संघातून दूर करण्यात आलं आणि अंतिम मालिकेत हंगकुक 0-3 हरलं. उन्हाळ्यात टोकियो. जपानविरुद्धच्या पाचव्या सेटमध्ये 12-14 अशा पिछाडीवरून कोरियाने 16-14 ने बाजी मारली. त्या सामन्यातल्या छायाचित्रांत किमची उजवी मांडी पाहा. पट्टी चिकटवलेल्या जागेभोवती बारीक रक्तवाहिन्या फुटून कातडी लाल ठिपक्यांनी भरली आहे. त्या पायांवर तिने 30 गुण मिळवले. उपांत्यपूर्व फेरीत समोर तुर्कस्तान, म्हणजे तिच्या मैत्रिणी तिथे, चाहते तिथे. तोही सामना पाच सेटचा आणि कोरियाचा. त्या दिवसांत तुर्कस्तानच्या जंगलांत वणवे पेटले होते. हरलेल्या तुर्की संघाचे अश्रू पाहून कोरियन चाहत्यांनी तुर्कस्तानला रोपं दान करायची लाट उठवली, बरीच किमच्या आणि संघाच्या नावाने. पदक पुन्हा नाही, पुन्हा चौथा क्रमांक. किमने राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला.

पुढचं वर्ष शांघायला, मग 2022 मध्ये पुन्हा हंगकुक. आणि इथे हिशेब पूर्ण झाला. 2005 ते 2009 चार हंगाम, 2020-21 पाचवा, 2022-23 सहावा. क्लबने 2012 मध्ये सांगितलं होतं: परत या, दोन खेळा. ते दोन शेवटी त्यांच्याच मापाने मोजून घेतले गेले, अकरा वर्षं उशिरा. त्या सहाव्या हंगामाचा शेवट कडू होता. अंतिम मालिकेत 2-0 ने पुढे असलेलं हंगकुक पुढचे तिन्ही सामने हरलं. कोरियाच्या महिला लीगमध्ये असं पूर्वी घडलं नव्हतं.

तर एप्रिल 2023. यादीत नाव आलं. इतर क्लबांशी बोलणी झाली. आणि किमने एका वर्षासाठी सही केली ती 77 कोटी 50 लाख वॉनवर, हंगकुकबरोबर. तीच गुलाबी जर्सी, तोच 10 क्रमांक. या वेळी विचारून.

पुढच्या वर्षी पुन्हा अंतिम मालिका, पुन्हा हार. फेब्रुवारी 2025 मध्ये, एक सामना संपल्यावर, तिने हा शेवटचा हंगाम असल्याचं सांगून टाकलं. अंतिम मालिका जंग क्वान जांगच्या रेड स्पार्क्सशी होती. हंगकुकने पहिले दोन सामने जिंकले, पुढचे दोन घालवले, आणि 2023 पाहिलेल्या प्रत्येकाच्या पोटात गोळा आला. 8 एप्रिलला इंचॉनमध्ये पाचवा सामना. पहिले दोन सेट हंगकुकचे, पुढचे दोन समोरच्यांचे. पाचवा सेट 15-13. किमचे 34 गुण, वय 37. हंगकुकचं ते पाचवं विजेतेपद, आणि किमचं त्या क्लबबरोबरचं 2009 नंतरचं पहिलं.